मागच्या सीटवरून : मोटरसायकलच्या रूपाची समीक्षा

मोटरसायकलच्या रूपावरची समीक्षा आपल्याकडे छापली जाते त्याहून कितीतरी अधिक बोलली जाते. गॅरेजसमोरच्या बाकावर, चहाच्या टपरीवर, वसतिगृहाच्या पार्किंगमध्ये ती रोज चालू असते. एखाद्या गाडीची टाकी 'भरलेली' आहे की पोट सुटल्यासारखी दिसते, हेडलाइट तिच्या 'चेहऱ्याला' शोभतो का, मागची बाजू 'उचललेली' आहे की 'बसकी', यावर तिथे व्यक्त होणारी मते कोणत्याही कलासमीक्षेइतकी ठाम असतात. त्यांना परंपरेचे भान असते, तपशिलाचा आग्रह असतो आणि अभिजाततेची कल्पनाही असते. या मौखिक समीक्षेला आणखी एक धार असते. इथला समीक्षक नापसंत भाग पाना घेऊन काढून टाकतो.

त्यामुळे या समीक्षेचे निवाडे रस्त्यावर उघड दिसतात, आणि त्यांची यादीही करता येते. आवडीच्या बाजूला टाकी, गोल किंवा 'डोळ्यांसारखा' हेडलाइट, इंजिनाचे उघडे अंग, सायलेन्सरचा आवाज आणि रुंद टायर येतात. नावडीच्या बाजूला साडी गार्ड, लांब मडगार्ड, पूर्ण झाकणारे चेन कव्हर, मागे धरायची जाड दांडी, सपाट लांब सीट आणि आरसे येतात. ही दोन टिपणे शेजारी ठेवली की त्यांच्यातला भूगोल लक्षात येतो. आवडणारे जवळजवळ सर्व काही चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, मांड्यांमध्ये किंवा कानांशी आहे. नावडणारे बहुतेक सर्व त्याच्या पाठीमागे आहे, आणि ते त्याच्यासाठी बनवलेलेच नाही. ते मागे बसणाऱ्यासाठी किंवा मागून येणाऱ्यासाठी आहे. एरवी सर्वांत जास्त नकोसे असणारे आरसेही मागचेच दाखवतात.

मोटरसायकलच्या रूपाचा वाद हा वरवर आवडीनिवडीचा दिसला तरी त्याच्या मुळाशी दुसऱ्या माणसाच्या जागेचा प्रश्न आहे, असे या निबंधाचे म्हणणे आहे. इंग्रजीत मागच्या आसनाला स्वतंत्र नाव आहे. मराठीने मात्र 'डबलसीट' हा शब्द घडवला. 'मी त्याच्याबरोबर डबलसीट गेलो' असे आपण म्हणतो तेव्हा दोघे मिळून एक स्थिती होतात. भाषेने जे जोडले आहे ते रूपाने कसे तोडत नेले, हे पाहायचे तर मोटरसायकलकडे मागच्या सीटवरून पाहिले पाहिजे.

१. टाकी आणि तिचे देवघर

प्रारंभ मात्र प्रेमापासून केला पाहिजे, कारण ते खोटे नाही. रोलाँ बार्थ यांनी 'मिथॉलॉजीज'मध्ये (१९५७) सीत्रोएन डीएस या मोटारीवर लिहिताना तिच्या गुळगुळीतपणाकडे, सांधे पुसून टाकण्याच्या वृत्तीकडे लक्ष वेधले होते. मोटरसायकलचे सौंदर्य नेमके उलट आहे. तिथे सांधे दिसतात, नळ्या दिसतात, इंजिनाचे पंख दिसतात. जे काम करते तेच दाखवले जाते. या उघड्या यंत्रात एकच मोठा, बंद, वळणदार आकार असतो, तो म्हणजे टाकी. म्हणून रंग, नाव, बिल्ला, पट्टे हे सारे अलंकरण तिच्यावर येऊन बसते. दसऱ्याला हार हँडलला घातला तरी कुंकवाचे स्वस्तिक टाकीवरच काढले जाते.

बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेषा हे याचे सर्वांत जुने उदाहरण. इंग्लंडमधल्या रेडिच गावची ही मोटरसायकल १९५५ पासून मद्रासमध्ये जुळवली जाऊ लागली. तिच्या टाकीच्या कडेने धावणारी बारीक रेषा हाताने, ब्रशने ओढण्याची पद्धत यंत्रयुगात दीर्घकाळ टिकून राहिली. हेडलाइटच्या दोन्ही बाजूंना असलेले दोन छोटे दिवे, ज्यांना 'टायगर आइज' म्हणतात, तेही पन्नासच्या दशकातले. आजच्या बुलेटमध्ये हे दिवे नसते तर ती चाललीच नसती असे नाही. पण ते काढण्याचे धाडस कंपनीने केलेले नाही. चालवणाऱ्यांच्या लेखी ते दिवे म्हणजे त्या गाडीची ओळख आहे.

स्मरणाचा हा भार टाकी कशी वाहते याचा कळस बजाजच्या व्ही १५ या गाडीत झाला. मोडीत काढलेल्या विमानवाहू 'विक्रांत' नौकेचे पोलाद वितळवून ते या गाडीच्या टाकीत मिसळले असल्याचे २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केले. पेट्रोल साठवण्याचे भांडे अशा रीतीने अवशेष जपणारी कुपी झाले. याच गाडीच्या मागच्या सीटवर बसवता येणारे एक झाकणही दिले होते. ते लावले की गाडी एकट्याची होई. पुढे राष्ट्राची आठवण आणि मागे बंद केलेली जागा, ही जोडी आपल्या विषयाच्या दृष्टीने सूचक आहे.

प्रेमाचे रूपांतर अनुकरणात झाले की काय होते, हे नव्या जावाने दाखवले. मूळ जावा आणि येझदी म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यात १९९६ पर्यंत बनत होत्या. एका सिलिंडरच्या त्या टू-स्ट्रोक गाडीला दोन सायलेन्सर होते, आणि किकचाच दांडा पुढे वाकवून गिअरसाठी वापरता येई. २०१८ मध्ये जावा नव्याने आली तेव्हा इंजिन पाण्याने थंड होणारे, फोर-स्ट्रोक होते. तरीही त्याच्या अंगावर हवेने थंड होणाऱ्या इंजिनासारखे पंख कोरलेले होते आणि मागे दोन सायलेन्सर होतेच. रेडिएटर पुढे लपवावा लागला. पंख एके काळी काम करत होते म्हणून सुंदर वाटत होते. आता ते सुंदर वाटतात म्हणून बसवले गेले. हा फरक समीक्षकाने नोंदवायलाच हवा, पण त्यासाठी खरेदीदाराला हसण्याचे कारण नाही. जिच्यावर वडील कामाला जात ती गाडी पुन्हा दारात उभी करण्याची इच्छा खोटी नसते, पंख खोटे असले तरी.

या मौखिक समीक्षेचे बळ किती, याचा पुरावा पल्सर २२० ने दिला. एकावर एक रचलेले दोन हेडलाइट आणि अर्धे आवरण असलेली ही गाडी २००७ मधली. २०२१ मध्ये तिच्या जागी अधिक नवी, एकाच दिव्याची २५० आली आणि २०२२ मध्ये जुनी बंद झाली. पुढच्याच वर्षी ती परत आणावी लागली. एखादा चेहरा ग्राहकाला सोडवत नाही म्हटल्यावर कारखान्यालाही माघार घ्यावी लागते.

२. 'हमारा' ते 'मेल'

पल्सरचा उल्लेख आला की पुण्याकडे वळणे भाग आहे, कारण भारतीय मोटरसायकलच्या रूपातले सर्वांत मोठे वळण आकुर्डी आणि चाकणच्या परिसरात घेतले गेले.

बजाजची ओळख मुळात स्कूटरची. आणि स्कूटर ही रूपाच्या दृष्टीने मोटरसायकलवरची टीकाच होती. १९४६ मध्ये व्हेस्पा घडवणारे कोर्रादिनो दास्कानिओ हे विमानाचे अभियंते होते आणि त्यांना मोटरसायकल आवडत नसे. तिच्यावर बसण्यासाठी पाय टाकावा लागतो, कपडे खराब होतात, साखळीचे तेल उडते. म्हणून त्यांनी इंजिन पत्र्याखाली झाकले, पुढे पाय ठेवायला सपाट जागा केली, चाके लहान करून आत घेतली. पुढे चेतकने हेच रूप आपल्या घराघरात नेले. चेतकला साडी गार्डाची वेगळी गरज भासली नाही, कारण तिचे अख्खे अंगच साडी गार्ड होते. पुढे उभा मुलगा, मागे आडवी बसलेली आई, तिच्या मांडीवर धाकटे मूल, ही आकृती त्या रूपात सामावली होती. १९८९ ची 'हमारा बजाज' ही जाहिरात त्या आकृतीचीच होती. तिच्यातले सर्वनाम अनेकवचनी होते.

बारा वर्षांनी, २००१ मध्ये, त्याच कंपनीने पल्सर आणली. तिच्या घडणीत तोक्यो आर अँड डी ही जपानी संस्था आणि पुढे ग्लिन कर हा ब्रिटिश रचनाकार यांचा हात होता. तोवरच्या शंभर सीसीच्या गाड्या सडपातळ होत्या. पल्सरची टाकी रुंद, गुडघ्यांसाठी खोलगट केलेली, व्यायाम केलेल्या छातीसारखी होती. जाहिरातीचे वाक्य होते, 'डेफिनिटली मेल'. गाडीला लिंग असते असे जाहीर करणारे हे वाक्य पुष्कळ चघळले गेले आहे. पण त्याचा रूपावर झालेला परिणाम पुरेसा पाहिला गेलेला नाही. पुढच्या आवृत्त्यांमध्ये वजन दृश्यदृष्ट्या पुढे सरकत गेले आणि मागचा भाग निमुळता, उचललेला होत गेला. मोठ्या पल्सरमध्ये सलग सीट जाऊन दोन तुकड्यांची सीट आली, धरायच्या दांडीचेही दोन तुकडे झाले. चाकणमध्येच बनणाऱ्या केटीएम ड्यूकमध्ये मागचे आसन आणखी लहान आणि आणखी उंच झाले. २००९ मध्ये बजाजने स्कूटरमधून माघार जाहीर केली तेव्हा अनेकवचनी सर्वनामाचा प्रवास एकवचनी विशेषणापर्यंत पूर्ण झाला होता.

याच काळात बायकांनी वाट पाहिली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९७२ ची लूना, पुढे कायनेटिक होंडा आणि नंतरच्या गिअर नसलेल्या स्कूटर यांच्यामुळे महाराष्ट्रातल्या शहरांत बाई स्वतः चालक झाली. एका अर्थी दोन वेगळी रूपे दोघांत वाटली गेली. पण गावांत आणि शहरांच्या कडेला, जिथे घरात एकच गाडी असते, तिथे ती बहुधा मोटरसायकल असते, आणि मागे बाई असते.

३. साडी गार्ड

म्हणूनच साडी गार्ड हा या विषयाचा मध्यबिंदू आहे. नव्या गाडीवरचा सर्वांत तिरस्कृत भाग तोच. गाडी शोरूममधून आणल्यावर पहिल्या आठवड्यात जे काढले जाते त्यात त्याचा क्रमांक वरचा.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसण्याची सोय असलेल्या मोटरसायकलला धरण्यासाठी कायमची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे, कपडे चाकात अडकू न देणारे साधन असलेच पाहिजे. नियमात 'साडी' हा शब्द नाही, कपडे आहेत. लोकांनी त्याला साडी गार्ड म्हटले, आणि त्या नावानेच त्याची बाजू कमकुवत केली. नाव बायकी झाले की वस्तू 'मेल' गाडीवर विसंगत ठरते. वास्तविक पदर, ओढणी, बुरखा, धोतराचा सोगा, उपरणे यांपैकी काहीही आऱ्यांत सापडू शकते. लहान मुलांच्या टाचा आऱ्यांत अडकून होणाऱ्या जखमा हाडांच्या डॉक्टरांच्या ओळखीच्या आहेत. ओढणी चाकात गुंतून गळ्याला बसणारा फास तर जीवघेणाच.

मग त्याचा तिरस्कार निव्वळ अविचार आहे का? इथे चालवणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. आजच्या बहुतेक गाड्यांवरचा साडी गार्ड खरोखर कुरूप असतो. काळ्या रंगाच्या दोन-चार सळ्या वाकवून, वितळजोड करून, दोन बोल्टांनी टांगलेल्या असतात. बाकीच्या गाडीशी त्याची एकही रेषा जुळत नाही. पाहताच कळते की मूळ रेखाटनात तो नव्हता. आकार ठरला, टाकी ठरली, दिवे ठरले आणि मग कोणीतरी नियमावली आणून टेबलावर ठेवली. ड्यूकसारख्या टोकदार गाडीवर तो खिडकीच्या गजांसारखा दिसतो. चालवणारा तो काढतो तेव्हा रचनाकाराने न बोललेले वाक्य पूर्ण करतो.

पण कुरूपता अटळ नव्हती. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायकांच्या सायकलींच्या मागच्या चाकावर स्कर्टसाठी विणलेली जाळी असे. नेदरलँड्समधल्या सायकलींवर कोट सांभाळणारे पडदे आजही दिसतात आणि ते त्या सायकलीच्या डौलाचा भाग आहेत. आपल्याकडच्या जुन्या जावा-येझदीची साखळी पूर्ण बंद पेटीत असे, आणि ती पेटी गाडीच्या रेषेत मुरलेली होती. स्कूटरचे तर वर सांगितलेच. म्हणजे मागच्या माणसाचे संरक्षण हे रूपाचे बीज होऊ शकते. ते शेवटी चिकटवले की ठिगळ होते. साडी गार्डाच्या कुरूपतेचा दोष साडीला देण्याची आपली सवय म्हणूनच तपासून पाहण्यासारखी आहे.

४. पुंगळी

आवाजाला रूप म्हणावे का? मोटरसायकलच्या बाबतीत म्हणावे लागते, कारण पुष्कळांच्या मनातली गाडी आधी ऐकलेली असते, मग पाहिलेली. यामाहा आरएक्स १०० (१९८५ ते १९९६) आजही ज्या किमतींना विकली जाते ती तिच्या टू-स्ट्रोक आवाजाचीही किंमत आहे.

जुन्या बुलेटचा ठोका हा शुद्ध यांत्रिकीतून आलेला. ३४६ सीसीचे एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर व्यास आणि ९० मिलिमीटरचा लांब दट्टा-प्रवास, जड फ्लायव्हील. उभी असताना मिनिटाला नऊशे फेरे धरले तर दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सेकंदाला सात-आठ ठोके. कानाला ते वेगवेगळे मोजता येतील इतके संथ. २०१० च्या आसपास प्रदूषणाच्या नियमांमुळे ओतीव लोखंडाचे ते इंजिन गेले, गिअर उजव्या पायाकडून डाव्याकडे येऊन स्थिरावला आणि आवाज मऊ झाला. जाणकारांनी हळहळ व्यक्त केली. ती हळहळ समजण्यासारखी आहे. एखाद्या वाद्याची जात बदलल्यासारखे ते होते.

पण ठोका जपणे आणि 'पुंगळी काढणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सायलेन्सरच्या आत छिद्रांची नळी आणि कप्पे असतात. इंजिनातून सुटणाऱ्या दाबाच्या लाटा त्यांत आपटून, परतून एकमेकींना क्षीण करतात. आतली ही पुंगळी काढली की लाटा जशाच्या तशा बाहेर येतात. गाडीची ताकद त्यामुळे फारशी वाढत नाही, ठोक्याचा घुमारा मात्र जातो आणि नुसता भडका उरतो. चालू गाडीचे प्रज्वलन क्षणभर बंद करून काढले जाणारे 'फटाके' म्हणजे न जळता तापलेल्या नळीत गेलेले पेट्रोल पेटणे. १७५ सीसीहून मोठ्या मोटरसायकलला कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. रस्त्यावर ती राहत नाही, म्हणून महाराष्ट्रातल्या शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रांगेत मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे अधूनमधून छापून येतात.

इथेही भूगोल तोच आहे. सायलेन्सरचे तोंड मागे असते. चालवणाऱ्याला वाऱ्यासोबत उरलेला आवाज मिळतो. पूर्ण आवाज मिळतो तो मागे बसलेल्याला, मागच्या गाडीवाल्याला आणि गल्लीतल्या घरात झोपलेल्या आजाऱ्याला. बुलेटवर खरे प्रेम करणारे जुने लोक पुंगळीवाल्यांवर सर्वांत जास्त चिडतात, ते नैतिक कारणाने जितके तितकेच सांगीतिक कारणाने.

५. कापलेली शेपूट

गेल्या दशकात मागचा मडगार्ड कापून, नंबर प्लेट सीटखाली ओढून घेऊन शेपूट आखूड करण्याची रीत रुजली. दिसायला ती खरोखर नीट दिसते. चाक मोकळे होते, गाडी उडी घेण्याच्या बेतात असल्यासारखी भासते. पावसाळ्यात मात्र मागे बसणाऱ्याच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ उमटते. चालवणाऱ्याची पाठ कोरडी असते, कारण तिच्यामागे कोणीतरी बसलेले असते.

ही अभिरुची आली कुठून? चाळीसच्या दशकात अमेरिकेत जड गाड्यांचे मडगार्ड कापून हलक्या केल्या जात, त्यातून 'बॉबर' झाला. पन्नास-साठच्या दशकांत लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या पोरांनी हँडल खाली घेतले, सीट एकट्याची केली, तिच्या मागे उंचवटा ठेवला, त्यातून 'कॅफे रेसर' झाला. त्या मुलांचा हेतू एका खानावळीपासून दुसरीपर्यंत एकट्याने भरधाव जाणे हा होता. त्यांच्या गाडीला मागची सीट नसणे प्रामाणिक होते. भारतात मोटरसायकल हे कुटुंबाचे, कामाचे, शेजाऱ्याला स्टँडवर सोडण्याचे वाहन आहे. दुचाकीवरून ओलेचिंब जाणारे अख्खे कुटुंब पाहून नॅनोची कल्पना सुचल्याचे रतन टाटा सांगत. त्या देशात एकाकी शर्यतवीराचे रूप येते तेव्हा ते वेशांतर असते. कारखान्यांनीही ते विकायला घेतले. जावाची पेराक ही गाडी कारखान्यातूनच एका सीटची निघाली.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये रॉयल एनफिल्डने 'गोअन क्लासिक ३५०' आणली. पांढऱ्या कडेचे टायर, उंच हँडल, हवेत तरंगल्यासारखी पुढची सीट आणि हवी तेव्हा काढून टाकता येणारी मागची सीट. रूप देखणे आहे यात वाद नाही. नाव मात्र खटकते. गोव्यातली जी मोटरसायकल साऱ्या भारताला ठाऊक असायला हवी ती 'पायलट'ची. पिवळ्या मडगार्डची ही भाड्याची मोटरसायकल बसस्टँडवर, बाजारात, फेरी धक्क्यावर उभी असते आणि तिच्या मागच्या सीटवर मासे घेऊन निघालेली बाई, पर्यटक, शाळकरी पोर, कोणीही बसते. मागची सीट हेच त्या चालकाचे पोट आहे. तिथे मडगार्ड हा कापायचा भाग नसून ओळखीचा आणि परवान्याचा रंग आहे. गोव्याच्या नावाने जी गाडी विकली जाते तिच्यात मागची सीट ऐच्छिक आहे, आणि गोव्यात जी गाडी माणसांना घरी पोहोचवते तिच्यात तेवढीच एक गोष्ट अनिवार्य आहे.

६. बदलाचे दोन प्रकार

गाडीत केलेला प्रत्येक बदल हौसेचा नसतो, हेही या यादीत धरले पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रात पहाटे दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवून निघणाऱ्या जुन्या एम ८० आणि राजदूत, वैरणीच्या पेंड्या बांधायला मागे जोडलेला लोखंडी सांगाडा, मुलासाठी टाकीवर बसवलेली छोटी सीट, आजीच्या पायांसाठी डाव्या बाजूला जोडलेली रुंद पट्टी. गॅरेजवाल्याच्या हातून घडलेल्या या रूपांना कोणी सुंदर म्हणत नाही. पण रूप आणि काम यांचे नाते तिथे जितके घट्ट आहे तितके कोणत्याही प्रदर्शनातल्या गाडीत नसते. हे बदल चालवणारा दुसऱ्याला किंवा दुसऱ्याच्या ओझ्याला जागा करून देण्यासाठी करतो.

कायदा हा भेद पाहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. कायद्याला कारखान्याचा मूळ आकार प्रमाण मानावा लागतो. समीक्षेला तसे बंधन नाही.

हौसेच्या बदलांनाही सरसकट उथळ म्हणता येणार नाही. ज्याच्या नावावर घर नाही, शेत नाही, त्या पोराच्या मालकीची पहिली मोठी वस्तू हप्त्यावरची मोटरसायकल असते. तिच्यावर आपली खूण उमटवण्याची त्याची धडपड लिपीपर्यंत जाते. इंग्रजी आकड्यांतल्या २१४ चे वळण बदलून 'राम' आणि ४१४१ चे 'दादा' करणारे रंगारी आपल्या शहरांत होते. आकड्याच्या पोटात अक्षर पाहणारी ती नजर सुलेखनकाराची होती. नियमाच्या दृष्टीने ते चूक होते, आणि अपघात करून पळणाऱ्याचा क्रमांक वाचता यायला हवा, हा युक्तिवाद बिनतोड आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना आणि पुढे महाराष्ट्रातल्या जुन्या वाहनांनाही सक्तीच्या झालेल्या एकसारख्या नंबर प्लेटने ती कला संपवली. तिची आठवण ठेवण्याने मात्र कोणाचे नुकसान होत नाही.

७. मागून काय दिसते

तर मग कसोटी कोणती? बदल कारखान्याशी जुळतो का, ही कायद्याची कसोटी. बदल डोळ्याला शोभतो का, ही टपरीवरची कसोटी. या दोन्हींना एक तिसरी जोडावी लागेल : या रूपाची किंमत कोण मोजते? टाकीवरच्या सोनेरी रेषेची किंमत मालक मोजतो, त्याबद्दल कोणाला तक्रार असू नये. काढलेल्या साडी गार्डची, कापलेल्या मडगार्डची, रिकाम्या पुंगळीची किंमत पाठीमागचा माणूस मोजतो, आणि बहुधा त्याला विचारलेलेही नसते. गाडी निवडताना शोरूममध्ये पुढच्या सीटवर बसून पाहिले जाते. मागच्या सीटवर बसून पाहणारे गिऱ्हाईक क्वचितच.

रॉबर्ट पिर्सिग यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (१९७४) हे पुस्तक मराठी वाचकांना अपरिचित नाही. त्यात यंत्राचे रूप आणि यंत्राचे काम यांच्यातल्या दुराव्यावर पानेच्या पाने आहेत. सोबतच्या मित्राला त्याच्या देखण्या मोटरसायकलच्या हँडलवर बिअरच्या डब्याची पट्टी बसवण्याची कल्पना सहन होत नाही, हा प्रसंग रूपाच्या अहंकारावरचे मार्मिक भाष्य आहे. पण पुस्तकाचा खरा उलगडा शेवटी होतो. अख्खा प्रवास मागच्या सीटवर केलेला लेखकाचा मुलगा तेव्हा फुटरेस्टवर उभा राहतो आणि बापाच्या खांद्यावरून पहिल्यांदा रस्ता पाहतो. तोवर त्याला फक्त बापाची पाठ दिसत होती. गुणवत्ता म्हणजे काय या प्रश्नावर इतके चिंतन करणाऱ्या माणसाच्या लक्षात हे आलेले नव्हते.

मोटरसायकलच्या रचनाकारांना आणि तिच्यावर जीव लावणाऱ्यांना हाच प्रश्न विचारता येतो. ज्या वस्तूवर आपल्याकडे दोन माणसे बसतात तिचे रूप एकाच्याच नजरेने किती काळ घडवायचे? साडी गार्ड देखणा करणे अवघड नाही. तो देखणा व्हावा असे वाटणे, एवढेच अजून घडलेले नाही. ज्या दिवशी एखादी कंपनी मागची सीट, धरायची मूठ आणि चाकाचे आवरण यांपासून रेखाटनाला सुरुवात करील, त्या दिवशी आपल्याला डबलसीट या शब्दाच्या तोलाची मोटरसायकल मिळेल.